जॅगच्या वाटेला लागण्याआधी

पहिलं काम कागद-पेन घेऊन बसायचं. एका ओळीत जन्मतारीख लिही, खाली एलएलबी संपायचं वर्ष. सैन्याच्या जॅग शाखेत, म्हणजे सैन्याचं कायद्याचं काम पाहणाऱ्या जज अ‍ॅडव्होकेट जनरलच्या खात्यात, शॉर्ट सर्व्हिसने (ठरावीक वर्षांच्या नोकरीवर) जायला वय 21 ते 27 लागतं आणि जाहिरातीत दिलेल्या तारखेला ते मोजलं जातं. बारावीनंतर पाच वर्षांचा कोर्स केलेला साधारण तेविसाव्या वर्षी मोकळा होतो, त्याच्या हातात तीन-चार वर्षं उरतात. बीकॉम करून, मध्ये दोन वर्षं दुसऱ्या परीक्षांत घालवून मग तीन वर्षांच्या एलएलबीला आलेल्याकडे जेमतेम एक-दोन संधी असतात. त्याने एलएलएमचा बेत आधी तपासावा. ते दोन वर्षांचं असेल तर तेवढ्यातच खिडकी बंद होऊ शकते.

मग गुण. एलएलबीला एकूण 55 टक्के हवेत. पाच वर्षांच्या कोर्सला पहिल्या वर्षीचं अर्थशास्त्र आणि समाजशास्त्रही त्या एकूणात येतं, हे पुष्कळांना शेवटच्या सेमिस्टरला कळतं. दुसऱ्या वर्षाअखेरीस आपला आकडा काढून ठेव. बावन्नवर असशील तर काय करायचं ते उघड आहे.

क्लॅट पीजीचा, म्हणजे एलएलएमच्या प्रवेशपरीक्षेचा, गुणांक आता अर्जालाच लागतो, एलएलएम झालेल्यांनाही. 120 प्रश्न, दोन तास, चुकलं की पाव गुण जातो. एलएलबीच्या शेवटच्या वर्षात ही परीक्षा देता येते, तेव्हा ती तेव्हाच दे. जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असतात. मुलाखतीला कोणाला बोलवायचं ते या गुणांकावर ठरतं, म्हणून 'नुसतं पास' होऊन भागत नाही. मुलींसाठी एक गोष्ट ठळक लिहून ठेवण्यासारखी आहे: जॅगमध्ये पुरुषांना जास्त आणि स्त्रियांना कमी जागा राखण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2025 मध्ये रद्द ठरवली. जुन्या जाहिराती बघून मनात धरलेलं गणित पुसून टाक.

अभ्यासक्रमाबाहेरचं वाचन थोडंच कर, पण नीट. आर्मी अ‍ॅक्ट 1950 घे आणि कलम 69, 70 आणि 125 एका बैठकीत वाच. शांततेच्या ठाण्यावरच्या जवानाने नागरिकाचा खून केला तर कोर्ट मार्शल (लष्करी न्यायालयातला खटला) होईल का? कलम 69 वाचून 'हो' वाटतं, कलम 70 वाचलं की 'नाही' होतं. मग आर्मी रूल्स 1954 मधली जज अ‍ॅडव्होकेटची कामं बघ. जनरल कोर्ट मार्शलमध्ये निकाल देणारे सदस्य लष्करी अधिकारी असतात, वकील असतातच असं नाही. जज अ‍ॅडव्होकेट त्यांना कायदा समजावतो, पुराव्याचा सारांश मांडतो, पण मत देत नाही. कोर्टात जिंकायची खुमखुमी असलेल्याला ही खुर्ची जड जाते. तू कुठल्या प्रकारचा आहेस ते आत्ताच बघ. मुंबईला सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं खंडपीठ आहे, एखादा दिवस तिथे जाऊन बस. पेन्शन, बढती, बडतर्फी अशी रोजची प्रकरणं ऐकलीस की शाखेच्या कामाचा बराच अंदाज येईल.

आता एसएसबी, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाच्या चाचण्या नि मुलाखत, आणि कायद्याची मुलं अडखळतात ती इथेच. पाच दिवसांत कोणी तुला कलमं घोकून दाखवायला सांगत नाही. तिथे आधी अधिकारी शोधतात, वकील नंतर. शब्दचाचणीत पडद्यावर 60 शब्द येतात, प्रत्येकाला 15 सेकंद. एवढ्यात एक वाक्य लिहून पुढे जायचं, आणि आपल्याला 'परंतु' आणि 'तथापि'शिवाय वाक्य संपवायची सवयच नसते. घड्याळ लावून रोज वीस शब्द लिही. मूट कोर्ट (लुटुपुटीचा खटला) कर, पण त्याने गटचर्चेत उपयोग होईल अशी आशा नको. समोरच्याला गप्प करणं हा तिथे गुण नाही. त्यापेक्षा कॉलेजच्या विधी सहाय्य शिबिराची जबाबदारी घे, बस चुकली, माईक बंद पडला, पाहुणे आले नाहीत, यातून मार्ग काढ. मुलाखतीत हेच सांगायला असतं.

धावायला आजपासून लाग. निवडीनंतर चेन्नईच्या ओटीएमध्ये, म्हणजे अधिकारी प्रशिक्षण अकादमीत, 49 आठवडे काढायचे असतात आणि तिथे एलएलबी म्हणून कोणी वेगळं पळवत नाही. दात, कान, डोळे, पाठीचा बाक एकदा डॉक्टरकडून तपासून घे. टॅटू गोंदवून घ्यायचा विचार असेल तर थांब. लग्नाचंही तसंच: अर्ज अविवाहितांसाठीच असतो आणि प्रशिक्षण संपेपर्यंत लग्न करता येत नाही. घरच्यांना हे वेळेत सांग, नाहीतर जाहिरात आणि साखरपुडा एकाच महिन्यात यायचे. नोकरी आधी दहा वर्षांची, पुढे चार वाढवता येतात, हेही त्याच वेळी सांगून टाक. कायद्याचं लष्करी शिक्षण पुढे कामठीच्या इन्स्टिट्यूट ऑफ मिलिटरी लॉमध्ये होतं.

वकिलीच्या सनदेचा प्रश्न हमखास येतो. बार कौन्सिलकडे नोंदणीसाठी पात्र असणं पुरेसं आहे, वकिली केलेली असावी अशी अट नाही. तरीही निवड होईपर्यंत रिकामा बसू नकोस, फौजदारी काम करणाऱ्या सिनिअरकडे बसून उलटतपासणी ऐक.

शेवटचं काम कंटाळवाणं आहे. दहावीचं प्रमाणपत्र, सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका आणि आधार कार्ड शेजारी मांड. एकावर वडिलांचं नाव पूर्ण, दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर, तिसऱ्यावर आडनाव आधी, असं सापडेलच. विद्यापीठातून दुरुस्ती करून घ्यायला महिने जातात, म्हणून तो अर्ज याच आठवड्यात दे आणि पोचपावती जपून ठेव.