पडवीत बसून स्मृतिचाचणी कशी घ्यावी

स्मृती आणि आकलन तपासायच्या बहुतेक चाचण्या शाळा शिकलेल्या माणसांवर बेतलेल्या आहेत. फोलस्टीन यांची १९७५ सालची ३० गुणांची चाचणीच बघा. शंभरातून सात-सात वजा करा, एक वाक्य लिहा, आपण कितव्या मजल्यावर आहोत ते सांगा. दुसरीतून शाळा सुटलेल्या सत्तरीच्या बाईला तिच्याच कौलारू घरात हे विचारलं, तर कापले जातात ते शाळेचे गुण, आठवणीचे नव्हेत. हरियाणातल्या बल्लभगढ भागात गांगुली आणि सहकाऱ्यांनी याच कारणासाठी निरक्षरांना चालेल असं हिंदी रूप तयार केलं आणि ते १९९५ साली प्रसिद्ध झालं. त्यात 'डोळे मिटा' हे वाचून तसं करायच्या जागी 'मी करतो तसं करा' असं आहे. कोकणात वाडीवाडीवर जाऊन चाळणी-तपासणी करणाऱ्यांनी हाच धडा पुढे न्यायचा. आधी अडथळे काढायचे, मगच गुण मोजायचे.

वेळ सकाळची घ्या, पेज पिऊन झाल्यावर. मधुमेहाच्या गोळ्या घेणारा माणूस उपाशीपोटी गोंधळला, तर ती साखर कमी झालेली असू शकते. पाऊस चालू असेल तर पत्र्याच्या पडवीत बसू नका, दहातले चार शब्द ऐकूच जात नाहीत. उजेड तुमच्या तोंडावर पडेल असे बसा, कारण कमी ऐकणारी माणसं ओठ वाचतात. चष्मा घरात कुठेतरी असतोच, तो शोधायला लावा. आणि भिंतीवरची दिनदर्शिका त्यांच्या डोळ्यांसमोर नाही ना, हे बघा. ही चूक अनुभवी माणसंही करतात.

तारीख विचारताना तिथी, मराठी महिना किंवा वार बरोबर आला तर तसं नोंदवा. 'आखाड चाललाय, परवा एकादशी' हे उत्तर देणारी आजी काळाच्या भानावर आहे. मजल्याऐवजी वाडी, गाव, तालुका आणि एसटी कुठून धरतात ते विचारा. भाषा घरातलीच ठेवा. मालवणी, संगमेश्वरी किंवा आगरी बोलणाऱ्याकडून पुस्तकी मराठी मागू नका. वस्तू दाखवल्यावर 'काडेपेटी' म्हटलं काय, 'माचिस' म्हटलं काय, दोन्ही बरोबर. मात्र सूचनांचं बोलीतलं रूप जागेवर रचू नका. आधी एकाने बोलीत करायचं, दुसऱ्याने मूळ न बघता परत मराठीत आणायचं, आणि दोन्ही जुळले तरच वापरायचं.

आता गाभ्याची चाचणी : दहा शब्दांची यादी. शब्द रोजचे हवेत, पण एकमेकांशी नातं नसलेले. माड, नारळ आणि करवंटी एकाच यादीत आले की एक आठवला तर बाकीचे ओढून आणतो. दोन सेकंदांना एक या गतीने, सुरात न हेलकावता वाचा. लगेच आठवतील तेवढे सांगू द्या, कोणत्याही क्रमाने. असं तीनदा करा, दर वेळी सगळी यादी वाचून. मग पाच ते दहा मिनिटं दुसरं काम द्या, पण शब्दांचं नको. काडेपेटीतल्या काड्यांचं काम इथे उत्तम बसतं : चार काड्यांनी तुम्ही आकृती मांडा, त्यांनी आपल्या चार काड्यांनी तशीच मांडायची, गुलाची टोकंही त्याच दिशेला. नायजेरियातल्या इबादानमध्ये पेन्सिल हातात न धरलेल्या वृद्धांसाठी ही कल्पना वापरली गेली. आपल्याकडे घड्याळ काढायला सांगण्यापेक्षा ती खूप न्याय्य आहे. मग न वाचता शब्द पुन्हा विचारा. शेवटी वीस शब्द, दहा जुने आणि दहा नवे मिसळून, एकेक म्हणा आणि 'हा आधी होता का?' असं विचारा.

खरी माहिती या शेवटच्या पायरीत आहे. आपणहून आठवलं नाही पण ऐकल्यावर ओळखलं, तर शब्द आत गेला होता, बाहेर काढायला त्रास झाला. नैराश्यात आणि मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या आजारात हे दिसतं. ओळखतही नसतील आणि नव्या शब्दांनाही 'होता' म्हणत असतील, तर शब्द साठलाच नाही. अल्झायमरची शंका इथे वाढते. शंकाच, निदान नव्हे.

साठ सेकंदांत प्राण्यांची नावं सांगायची चाचणी यानंतर घ्या. कोळीवाड्यात प्राण्यांऐवजी मासे विचारायचा मोह होतो. बांगडा, तारली, मोरी, कर्ली, मांदेली अशी रांग लागेल, पण तो आकडा प्राण्यांच्या मानकाशी ताडता येणार नाही.

'बाबांना आरत्या अजून तोंडपाठ आहेत, मग स्मृती कशी गेली?' हा प्रश्न घरोघरी येतो. पन्नास वर्षं घोटलेलं सर्वात शेवटी जातं. विचारायचं ते अलीकडचं : काल मासे कोणी आणले, परवा कोण येऊन गेलं. उत्तराची खातरजमा घरच्यांकडून करा, तीही दोघांकडून. रोज सोबत असणारी सून दिवसातले चढउतार सांगते. मुंबईचा मुलगा गणपतीला आणि शिमग्याला येतो, त्यामुळे वर्षाचा फरक त्याला जास्त ठळक दिसतो. दोघांना वेगवेगळं विचारा. जेवल्याचं विसरणं, गावातच वाट चुकणं, बाजारहाटाच्या हिशोबात गडबड, हे नेमके प्रश्न घाला.

चाचणी अर्धवट सोडून थेट दवाखान्यात पाठवायचे प्रसंगही असतात. गोंधळ तासांत किंवा दोन-चार दिवसांत सुरू झाला, लक्ष टिकत नाही, सकाळी बरं आणि रात्री बडबड, तर हा स्मृतिभ्रंश नसून डिलिरियम, म्हणजे आजारामुळे किंवा औषधामुळे अचानक आलेला भ्रम, असण्याचा संभव मोठा. मूत्रमार्गाचा संसर्ग, न्यूमोनिया, रक्तातलं सोडियम उतरणं, सर्दी-खाजेच्या जुन्या झोप आणणाऱ्या गोळ्या ही नेहमीची कारणं. लावणीच्या दिवसांत ताप असेल तर लेप्टो (उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस) डोक्यात ठेवा. दोडामार्ग भागात काजूच्या हंगामात ताप येऊन गेला आणि आठवडा-दोन आठवड्यांनी पुन्हा ताप, डोकेदुखी आणि भ्रम आला, तर माकडतापाचा (गोचिडीतून पसरणाऱ्या विषाणूच्या तापाचा) उल्लेख डॉक्टरांना द्यायच्या चिठ्ठीत करा. शेवाळलेल्या चिऱ्याच्या पायरीवरून पडून काही आठवडे झाले आणि आता माणूस सुस्त झालाय, विशेषतः रक्त पातळ करायची गोळी चालू असताना, तर कवटीत साचलेलं रक्त नाकारण्यासाठी सीटी स्कॅन हवा.

उदास माणूस भराभर 'माहीत नाही' म्हणतो, विसरलेला माणूस बहुधा काहीतरी जुळवून सांगतो. हा ठोकताळा आहे, नियम नाही. १५ प्रश्नांच्या वृद्ध-नैराश्य प्रश्नावलीत ५ किंवा जास्त गुण आले तर आधी त्याचा विचार करा. मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारा. विचारल्याने ते वाढत नाहीत. येत असतील तर माणसाला एकटं सोडू नका, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ लावून द्या.

'अंगणात पोरं दिसतात', 'देवचार येऊन बसतो' असं ऐकलं तर वाद घालू नका, हसूही नका. कधी दिसतात, किती वेळ, भीती वाटते का, एवढं लिहून घ्या. सोबत चाल मंदावली असेल आणि भान कमीजास्त होत असेल, तर लुई बॉडी प्रकारच्या स्मृतिभ्रंशाची शक्यता आहे. भास थांबवायला देतात त्या हॅलोपेरिडॉलसारख्या औषधाने असे रुग्ण अचानक ताठरून गंभीर होऊ शकतात, म्हणून चिठ्ठीत ही ओळ ठळक लिहा.

चिठ्ठीत 'स्मृतिभ्रंश' हा शब्द लिहू नका. शाळा किती, बोली कोणती, ऐकू कसं येतं, त्रास कधीपासून, चालू गोळ्यांची नावं आणि प्रत्येक चाचणीची उत्तरं जशीच्या तशी लिहा. डॉक्टरांनी बी-१२ आणि थायरॉइड तपासावं, अशी विनंती करा. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-१२ उतरू शकतं, आणि ते भरून काढता येतं. पुढच्या भेटीला शब्दांची यादी दुसरी घ्या, नाहीतर जुनी यादी थोडीफार लक्षात राहून गुण फुगतात. कोणती यादी वापरली ते कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.