मंडळीची सेवाग्राम पदयात्रा: तयारी धुऱ्यापासून

30 जानेवारीला सकाळी 11 वाजता देशभर दोन मिनिटं स्तब्धता पाळतात. त्या वेळी आपली मंडळी सेवाग्रामच्या आश्रमात उभी असावी, हा बेत वर्धा, यवतमाळ, चंद्रपूरकडच्या खेड्यातल्या कुठल्याही चर्चला जमण्यासारखा आहे. चाळीस माणसं, दहा किलोमीटर, एक दिवस. मात्र तयारीला सहा आठवडे धरा, म्हणजे नाताळच्या धांदलीआधीच पहिली बैठक झालेली हवी. नाताळानंतर सुरुवात केली की सगळं पाण्याच्या जारवर आणि बॅनरवर येऊन थांबतं आणि खरं काम राहून जातं.

खरं काम मत्तय 5:23-24 मध्ये आहे. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितलंय. खेड्यात हा भाऊ बहुधा शेजारच्या वावराचा मालक असतो आणि वाद धुऱ्याचा, म्हणजे दोन वावरांमधल्या बांधाचा असतो. दोन्ही घरं त्याच चर्चमध्ये, एक खिडकीकडच्या बाकावर, दुसरं दाराकडच्या. अशांकडे पाळकांनी एकट्यानं जाऊ नये. सोबत दोन्ही घरांना मान्य असलेलं एक वडीलधारं माणूस असावं. उपासनेनंतर अंगणात विषय काढू नका, चार लोकांसमोर कोणीच माघार घेत नाही. संध्याकाळी घरी जा आणि एवढंच विचारा: "काकाजी, मोजणी होईल तेव्हा होईल, केस कोर्टात राहू द्या. त्या दिवशी त्यांच्यासोबत एका पंगतीत बसाल का?" मोठी माफी मागायला लावली तर दार बंद होतं. पंगतीला माणूस हो म्हणू शकतो. नाही म्हणाला तर पुन्हा एकदा जा, तिसऱ्यांदा नको.

जानेवारीत पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाचा वेचा चालू असतो. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, त्यामुळे एक दिवस बुडाला की घरात लगेच कळतो. तारीख डिसेंबरमध्येच जाहीर करा, म्हणजे बाया आपला वेचा पुढे-मागे करून घेतात. त्या दिवशी गावचा आठवडी बाजार येतो का, तेही पाहून ठेवा. दुसऱ्या पंथाच्या मंडळ्यांनाही बोलवा. उत्तर भारताची मंडळी, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरातच सहा मंडळ्या एकत्र येऊन स्थापन झाली, तेव्हा विदर्भात तरी फादर आणि पाळक एका रांगेत चालले तर कोणाला नवल वाटू नये. 18 ते 25 जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्याच्या प्रार्थनेचा आठवडा असतो; निमंत्रण द्यायला त्याहून चांगलं निमित्त नाही.

प्रार्थना कशी बांधावी

तीन रविवार दाराशी एक डबा ठेवा. ज्याला जी अशांती खुपते ती त्यानं चिठ्ठीवर एका ओळीत लिहावी, नाव नको. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी संडे स्कूलची पोरं बसवू नका, घरातली गोष्ट गावभर होते. महिला मंडळातली एखादी पोक्त मावशी बरी. जमलेल्या चिठ्ठ्या दोघांनी मिळून चार ढिगांत लावाव्यात: घर, गाव, देश, जग. घराचा ढीग सगळ्यात उंच असतो. कर्ज, वाटणी, आणि दारू, मग जिल्हा दारूबंदीचा का असेना.

वाटेत तीन थांबे आणि चौथा शेवटचा, असे चार ढीग चार ठिकाणी वाटले जातात. प्रत्येक थांब्यावर एक वाचन, एक मिनिट शांतता आणि चार ते पाच विनंत्या. विनंती एकाच वाक्याची असावी आणि प्रत्येकीनंतर सगळ्यांनी "प्रभू, आमची प्रार्थना ऐक" म्हणावं. वाचनं छोटी निवडा: घरासाठी रोमकरांस 12:18, गावासाठी यिर्मया 29:7, देशासाठी मत्तय 5:9, आणि जगासाठी यशया 2:4. तलवारींचे फाळ करण्याची ती ओळ शेतकऱ्याला समजावून सांगावी लागत नाही.

दोन चुका हमखास होतात. पहिली लांबीची: उत्साही भाऊ डोळे मिटतात आणि आठ मिनिटं उघडत नाहीत, मागे म्हाताऱ्या उभ्याच. म्हणून विनंत्या कागदावर लिहून द्या आणि मोकळी प्रार्थना संध्याकाळसाठी ठेवा. दुसरी जास्त वाईट: प्रार्थनेतून टोमणा. "काही लोकांना सद्बुद्धी दे" म्हटलं की ते लोक कोण हे सगळ्यांना ठाऊक असतं. विनंती "आम्ही" या शब्दानं सुरू करायची, एवढा एक नियम पाळला तर टोमण्याला जागाच उरत नाही.

कार्यक्रमपत्रिकेवर "मला तुझ्या शांतीचं साधन कर" ही प्रार्थना छापणार असाल तर खाली संत फ्रान्सिसचं नाव टाकू नका. ती त्यांच्या लिखाणात नाही. पहिल्यांदा छापली गेली ती 1912 मध्ये, एका फ्रेंच मासिकात. प्रार्थना चांगलीच आहे, पण नाव चुकीचं आहे.

परवानगी आणि वाट

ठाणेदारांच्या नावे अर्ज किमान पंधरा दिवस आधी द्या. त्यात तारीख, निघायची आणि पोचायची वेळ, रस्ता, अंदाजे संख्या आणि दोन जबाबदार माणसांचे मोबाइल नंबर लिहा. दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर पोचचा शिक्का घेतल्याशिवाय निघू नका. भोंगा लावणार असाल तर त्याची परवानगी वेगळी. न लावलेला उत्तम. वाटेवरच्या गावांच्या पोलीस पाटलांना आणि सरपंचांना आधीच भेटून सांगा. वाटेत पत्रकं वाटू नका. शांतीसाठी निघालेल्या चाळीस लोकांभोवती संशय उभा राहायला एक पत्रक पुरतं.

वाट मोटारसायकलवरून मोजून घ्या. वर्ध्याहून सेवाग्राम सुमारे 8 किलोमीटर आहे. देवळी किंवा हिंगणघाटकडच्यांनी अख्खं अंतर चालायचा हट्ट धरू नये, वर्ध्यापर्यंत एसटीनं यावं. साध्या एसटीत महिलांना अर्धं तिकीट लागतं आणि 75 वर्षांवरच्यांना मोफत आहे, आधार कार्ड मात्र जवळ हवं. प्रासंगिक करारावर गाडी घेतली तर वेगळं तिकीटच फाटत नाही, मग सवलत कुठली? वर्ध्याहून निघणाऱ्यांनी मगनवाडीपासून निघावं. 1934 मध्ये स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाचं काम जे. सी. कुमारप्पांनी इथूनच चालवलं, आणि ते ख्रिस्ती होते, हे आपल्याच पोरांना माहीत नसतं.

रेल्वेनं येणाऱ्यांची गल्लत स्टेशनात होते. बल्लारशाकडून नागपूरला जाणाऱ्या गाड्या सेवाग्राम स्टेशनवर थांबतात, बडनेऱ्याकडून येणाऱ्या वर्ध्याला. सेवाग्राम हे पूर्वीचं वर्धा पूर्व. आश्रमाच्या दारात ते नाही. नावाचा घोळ तसा जुनाच. गावाचं मूळ नाव शेगाव, टपाल बुलढाण्याच्या शेगावला जायचं, म्हणून 1940 मध्ये सेवाग्राम केलं.

चालताना

सकाळी 7 ला निघालात तर ताशी साडेतीन किलोमीटरनं दहा किलोमीटरला पावणेतीन तासांच्या वर लागतात, तीन थांबे पंधरा-पंधरा मिनिटांचे. साडेदहा-पावणेअकराला पोचता. वेग सगळ्यात हळू चालणाऱ्यानं ठरवायचा, म्हणून त्याला सगळ्यात पुढे ठेवा. मागे ठेवलं की तो धापा टाकत थांब्यावर पोचतो आणि तेवढ्यात बाकीचे उठलेले असतात. त्याच्या वाट्याला विसावाही येत नाही, प्रार्थनाही नाही.

वाटेत पांदण, म्हणजे शेतातली कच्ची वाट असेल तर पहाटेच्या दंवात मोजे भिजतात, आणि ओल्या मोज्यात घासून फोड येतात. कोरडा जोड पिशवीत ठेवा, नवी चप्पल घालू नका. फोड आला तर फोडू नये, पट्टी लावून त्या माणसाला गाडीत बसवा. डांबरी रस्त्यावर उजव्या कडेनं, दोन-दोनच्या रांगेत, समोरची वाहनं दिसतील असं चाला. पुढे आणि मागे लाल फडकं धरलेला एकेक तरुण हवा. या दिवसांत जिनिंगकडे जाणाऱ्या कापसाच्या गाड्यांचा बोजा दोन्ही बाजूंनी फुगलेला असतो. ड्रायव्हर चाक बघून कट मारतो आणि बोजा माणसाला लागतो. अशी गाडी दिसली की सगळ्यांनी खाली उतरून उभं राहावं.

मागे एक छोटा हत्ती ठेवा. त्यात चाळीस जणांसाठी वीस लिटरचे चार जार, प्रथमोपचाराची पेटी आणि दोन सतरंज्या. घाम येऊन कोणाला चक्कर आली तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट-घोट पाजा.

नाश्ता दुसऱ्या थांब्यावर. साडेतीन किलो जाड पोहे, दोन किलो कांदे, अर्धा किलो शेंगदाणे, अर्धा लिटर तेल आणि डझनभर लिंबं पुरतात. पोहे चाळणीत धुऊन लगेच निथळत ठेवा, भिजत घातले की लगदा होतो. डब्याच्या झाकणाखाली सुती कापड टाका, नाहीतर वाफेचं पाणी खाली गळतं. आणि तर्री, म्हणजे पोह्यांवरचा तिखट रस्सा, घरीच राहू द्या. नागपुरी माणसाला हे पटत नाही, पण तर्री खाऊन निघालेली रांग पुढच्या तासात निम्मे जार संपवते आणि प्रत्येक झुडपाशी थांबते.

आश्रमाला महिनाभर आधी पत्र लिहा आणि किती जण, किती वाजता ते कळवा. जेवणाचं तिथे होईल का, की वर्ध्यातल्या एखाद्या चर्चला विचारायचं, हेही त्याच वेळी ठरतं. कुट्यांत चपला बाहेर काढून, आवाज न करता जायचं. आश्रमाची प्रार्थना त्यांच्या पद्धतीनं होते, आपण त्यात बसायचं. आपली चौथ्या थांब्याची प्रार्थना कुठे करावी ते त्यांनाच विचारा, परस्पर पेटी-ढोलक काढू नका.

दुपारच्या पंगतीत ती दोन घरं शेजारी-शेजारी बसवू नका, समोरासमोरही नको. एकाच रांगेत, मध्ये तीन-चार पानं सोडून. वाढायला मात्र दोन्ही घरांतली एकेक सून घ्या.

गावी परतल्यावर चिठ्ठ्या डब्यात पडून राहू देऊ नका, अक्षर ओळखणारे पुष्कळ असतात. ज्या दोघांनी ढीग लावले त्यांनीच त्या मोजाव्यात, आकडा पहिल्या दिवसाशी जुळवावा आणि त्याच रात्री चुलीत घालाव्यात.