वणाला पेन्शन नाही: अपंगत्व पेन्शनच्या अपिलात या चुका टाळा

आमच्या सातारा भागात घरटी एक तरी फौजी सापडतो. मी फौजेत क्लार्क होतो, त्यामुळे पेन्शनीला आलेली मंडळी कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे येतात. पिशवी सोडायच्या आधीच बाही वर सारतात नाहीतर विजार गुडघ्यापर्यंत ओढतात. "हा बघा वण. एवढा मोठा, तरी क्लेम रिजेक्ट."

पहिली चूक इथेच होते. अपील ऐकणारी समिती तुमचा हात बघत नाही, फाइल बघते. आणि वण किती लांब आहे यापेक्षा त्या वणामुळे कुठली हालचाल गेली, यावर अपंगत्वाचे टक्के ठरतात.

एका हवालदारांचं सांगतो. उजव्या कोपराच्या मागून खाली उतरलेला स्प्लिंटरचा, म्हणजे स्फोटात उडालेल्या तुकड्याचा वण. रिलीज मेडिकल बोर्डाने, म्हणजे सेवा सोडताना तपासणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळाने, 'जखम भरली आहे' असं लिहून 15-19 टक्के दिले. 20 टक्क्यांच्या खाली राहिल्यामुळे पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग मिळाला नाही. त्यांनी पहिल्या अपिलात लिहिलं, "पाच इंची वण आहे, फार त्रास होतो." तेही फेटाळलं गेलं. माझ्याकडे आले तेव्हा चहा पुढे केला, तर कप त्यांनी अंगठा आणि दोन बोटांतच धरला. करंगळी आणि शेजारचं बोट वळतच नव्हतं. वणावर बोट फिरवलं तर कातडी खालच्या हाडाला घट्ट चिकटलेली. कोपराच्या मागून जाणारी नस हीच दोन बोटं सांभाळते. पण त्या नसेबद्दल अख्ख्या फाइलमध्ये एक ओळ नव्हती.

अशा वेळी नवा पुरावा लागतो. हाडांच्या किंवा प्लास्टिक सर्जरीच्या डॉक्टरांकडून, शक्यतो लष्करी किंवा सरकारी रुग्णालयात, सांधा किती अंश वाकतो आणि किती सरळ होतो ते मोजून घ्या. नसेची शंका असेल तर एनसीव्ही, म्हणजे नसेतून संदेश किती वेगाने जातो ते मोजणारी तपासणी करा. पकड कमी झाली आहे, कातडी आखडली आहे, वण वारंवार फुटतो, स्पर्श कळत नाही, हे डॉक्टरांनी स्वतःच्या शब्दांत लिहिलेलं हवं. फोटो काढताना वणाशेजारी मोजपट्टी ठेवा आणि तारीख टाका.

दुसरी चूक अपिलाच्या खूप आधी झालेली असते, आणि मला सगळ्यात जास्त वाईट तिचंच वाटतं. बोर्डासमोर डॉक्टर विचारतात, काही तक्रार? आपला गडी छाती पुढे काढून सांगतो, "सब ठीक है साहब." वीस वर्षं तेच शिकवलेलं असतं. पण ते कागदावर उतरतं आणि पुढे प्रत्येक टप्प्यावर तुमच्याच विरोधात वाचलं जातं. ज्यांचा बोर्ड अजून व्हायचा आहे त्यांनी हात जोडून ऐका. तिथे दुखणं सांगणं म्हणजे रडणं नव्हे. पर्सनल स्टेटमेंटमध्ये जखमेची तारीख, जागा, कोणत्या ड्युटीवर होता आणि कुठे उपचार झाले ते सगळं लिहा. वाचल्याशिवाय सही करू नका.

आता नामंजुरीचं पत्र नीट वाचायची गोष्ट. क्लेम दोन वेगळ्या कारणांनी फेटाळला जातो. एक, टक्के कमी. दोन, अपंगत्वाचा सेवेशी संबंध नाही, ज्याला 'नायदर अॅट्रिब्युटेबल नॉर अॅग्रव्हेटेड' म्हणतात. कारण दुसरं असताना लोक टक्क्यांवर चार पानं लिहितात, ती फुकट जातात. संबंध दाखवायला इंजुरी रिपोर्ट, कोर्ट ऑफ इन्क्वायरी म्हणजे फौजेची अंतर्गत चौकशी झाली असेल तर तिचे कागद, पार्ट टू ऑर्डर (जवानाच्या सेवेतल्या घटनांची युनिटने काढलेली अधिकृत नोंद) आणि रुग्णालयाची डिस्चार्ज स्लिप लागते. या कागदांवरच्या तारखा एकमेकींशी जुळतात का ते आधी तपासा. कागद नसतील तर रेकॉर्ड ऑफिसला लिहा, मराठा लाइट इन्फंट्रीवाल्यांनी बेळगावला. मेडिकल बोर्डाची प्रत माहितीच्या अधिकारातही मागता येते. पेन्शन नसलेल्यांची कागदपत्रं साधारण 25 वर्षांनी नष्ट केली जातात, म्हणून हे काम पुढे ढकलू नका.

भरतीच्या वेळी तुमच्या नोंदीत तो दोष नसेल तर सर्वोच्च न्यायालयाचा 2013 चा धरमवीर सिंग निकाल जरूर मांडा. भरतीवेळी नोंद नसेल तर जवान तंदुरुस्त होता असं धरायचं, आणि संबंध नाही म्हणायचं असेल तर बोर्डाने कारणं द्यायची, हा त्याचा गाभा.

20 टक्क्यांची रेषा इतकी महत्त्वाची का, ते आकड्यात बघा. शेवटचा पगार 40,000 धरा. 100 टक्के अपंगत्वाला पगाराच्या 30 टक्के, म्हणजे 20 टक्क्यांना महिना 2,400. पण ब्रॉड बँडिंगमध्ये, म्हणजे टक्के वरच्या ठरलेल्या टप्प्याला नेण्याच्या पद्धतीत, 20 ते 49 टक्के हे 50 धरले जातात, म्हणजे 6,000. नियत वयाने निवृत्त झालेल्यांनाही हा लाभ 2014 च्या राम अवतार निकालाने मिळाला. तीच जखम युद्धजखम ठरली तर निवृत्त झालेल्याला 30 ऐवजी दर 60 टक्के, म्हणजे त्याच 50 टक्क्यांना 12,000. महागाई भत्ता वेगळा. म्हणून शत्रूच्या कारवाईत, सुरुंग काढताना किंवा अधिसूचित ऑपरेशनमध्ये जखम झाली असेल तर बॅटल कॅज्युअल्टीची, म्हणजे लढाईत जखमी झाल्याची नोंद शोधा. 15-19 वाल्याला मात्र ब्रॉड बँडिंग लागू नाही, हे 2019 मध्ये न्यायालयाने स्पष्ट केलं आहे. आणि 21 सप्टेंबर 2023 नंतर सेवेतून बाहेर पडलेल्यांना नवे नियम लागू आहेत. त्यांनी शेजारच्या जुन्या पेन्शनरचा अर्ज उतरवून काढू नये.

एकापेक्षा जास्त जखमा असतील तर त्यांच्या टक्क्यांची सरळ बेरीज करू नका, बोर्ड एकत्रित आकडा काढतो. पण प्रत्येक जखमेची नोंद स्वतंत्र झाली आहे का, ते बघा.

मुदत. नामंजुरीचं पत्र मिळाल्यापासून पहिल्या अपिलाला सहा महिने, ते फेटाळलं तर दुसऱ्यालाही सहा महिने. त्यानंतर सशस्त्र सेना न्यायाधिकरण. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी त्याचं खंडपीठ मुंबईत आहे. उत्तर न येता सहा महिने गेले तरी तिथे जाता येतं. उशीर झाला असेल तर कारण देऊन माफीचा अर्ज जोडा. पेन्शनचा हक्क उशिरा मागितला तरी बुडत नाही, पण 2008 च्या तरसेम सिंग निकालानंतर थकबाकी साधारण मागच्या तीन वर्षांचीच मिळते. दहा वर्षं थांबलेल्याने सात वर्षांचे पैसे सोडले, इतका साधा हिशेब आहे.

निवृत्तीनंतर वण आखडत जाऊन हालचाल आणखी कमी झाली, तर टक्के पुन्हा तपासण्याची विनंती स्वतः जवानाने करायची असते. कायमचं ठरलेलं अपंगत्व आपोआप कुणी तपासत नाही.

थकबाकीतला चौथा हिस्सा मागणारे एजंट गावात फिरतात. त्यांना मूळ डिस्चार्ज बुक (सेवामुक्तीचं पुस्तक) देऊ नका. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आधी जा. अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावतीची झेरॉक्स काढून ठेवा, कारण पोस्टाच्या पावतीची शाई दोन वर्षांत उडून जाते.