कडबाकुट्टीची अडकलेली पुली काढायला पट्टीचा पुलर

2019 आणि 2021 च्या पुरात पंचगंगेचं पाणी गोठ्यात शिरलं, तेव्हा कडबाकुट्ट्याही बुडाल्या. मोटर रिवाइंड करून चालू होते, पण बिडाची (ओतीव लोखंडाची) पुली शाफ्टवर गंजून बसते. बेअरिंग बदलायची वेळ आली की ती हलत नाही.

हातोडा उचलू नका. बीड दाबाला दणकट, ओढीला आणि धक्क्याला कच्चं. ठोकून मी एका पुलीचा काठ उडवलाय, वर बेअरिंगही खडखडायला लागलं. तीन पायांचा तयार पुलरही (पुली ओढून काढायचं साधन) बऱ्याचदा पातळ काठालाच धरतो. ओढायचं ते बॉसला, म्हणजे शाफ्टभोवतालच्या जाड भागाला.

आधी वीज तोडा, पट्टा काढा आणि ग्रब स्क्रू, म्हणजे पुलीला शाफ्टवर जखडणारा बिनडोक्याचा स्क्रू, शोधा. तो रंगाखाली किंवा गाळाखाली दडलेला असतो. कधी एकाखाली दुसरा असतो, म्हणून पहिला निघाला तरी भोकात तार घालून बघा. अर्ध्या पुल्या इथंच अडलेल्या असतात! मग शाफ्टच्या फटीत गंज सोडवायचं तेल सोडा आणि रात्रभर विसरा.

आता माप. 3 एचपीच्या मोटरचा शाफ्ट बहुधा 28 मिमीचा असतो. बॉस 60 मिमीचा असेल तर भिंत 16 मिमीची, तिथं एम8 चा (8 मिमी जाडीचा) बोल्ट आरामात बसतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात भंगारातनं 50 मिमी रुंद, 16 मिमी जाड लोखंडी पट्टीचा वीतभर तुकडा घ्या. बरोबर मध्यावर 14 मिमीचं भोक पाडून एम16 चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारा. त्याच्या दोन्ही बाजूंना मध्यापासून 22 मिमीवर 9 मिमीची भोकं पाडा. बॉसवर समोरासमोर, तेवढ्याच अंतरावर खुणा करा. पुली शाफ्टवर घसरू नये म्हणून बसवलेल्या चावीची खाच टाळा. 6.8 मिमीचं ड्रिल 20 मिमी खोल न्या, एम8 चा टॅप मारा. टॅप अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं. घाई केली तर तो आतच तुटतो आणि मूळ दुखणं परवडलं म्हणायची पाळी येते.

पट्टी 8.8 ग्रेडच्या (जास्त ताकदीच्या) दोन बोल्टांनी बॉसला जोडा. पट्टी आणि बॉस यांत दोन्हीकडं सारखी फट हवी, नाहीतर पुली तिरकी होऊन आणखी घट्ट बसते. शाफ्टच्या मधल्या खळग्यात जुन्या बेअरिंगची गोळी ग्रीस लावून ठेवा, म्हणजे बोल्टचं टोक शाफ्ट कुरतडणार नाही. पूर्ण आट्यांचा एम16 बोल्ट 24 च्या पान्यानं आवळा. ताण आला की थांबा, बोल्टच्या डोक्यावर एक हलका ठोका द्या, परत पाव फेरा. चष्मा घाला, समोर उभं राहू नका.

एवढ्यानंही हलली नाही तर ताण तसाच ठेवून बॉस गॅसनं तापवा. 100 अंशांनी तापलं तर 28 मिमीचं भोक जेमतेम 0.03 मिमी मोठं होतं, पण गंजाची पकड सुटायला तेवढं बरेचदा पुरतं. मात्र हे गोठ्यात नको, कडब्यापासून लांब. आधी तेल पुसून घ्या, ज्योत बेअरिंगकडं जाऊ देऊ नका.

सुटताना ‘कडाक’ असा आवाज होतो; पहिल्यांदा वाटतं, काहीतरी मोडलं. बोल्ट संपला तर मधे शाफ्टपेक्षा बारीक गोल तुकडा ठेवून ओढत राहा.

परत बसवताना शाफ्टला पॉलिश पेपर मारून ग्रीसचा हात द्या. बॉसमधली भोकं बुजवू नका, तीही ग्रीसनं भरा. पट्टी बोल्टांसकट मोटरशेजारी खिळ्याला टांगून ठेवा.