सात, अकरा, वीस : सीएच्या ऑफिसातली पहिली दोन वर्षं

आर्टिकलशिपला, म्हणजे सीए होण्याआधीच्या उमेदवारीला, लागले तेव्हा माझी समजूत अशी होती की टॅक्स प्लॅनिंग म्हणजे कायद्यातल्या बारीक फटी हुडकायच्या. पहिल्याच दिवशी सरांनी एका फॅब्रिकेशनवाल्या क्लायंटची बॉक्स फाइल समोर आदळली आणि म्हणाले, "खरेदीची बिलं टू-बीशी टॅली कर." दोन वर्षांतला निम्मा वेळ याच कामात गेला. आता ऑफिसात नवीन कुणी आलं की मीसुद्धा आधी हेच काम देते. तोंडं पडतात, पण इलाज नाही.

टू-बी म्हणजे जीएसटीच्या पोर्टलवर दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होणारं पत्रक. पुरवठादारांनी त्यांच्या जीएसटीआर-१ मध्ये, म्हणजे विक्रीच्या रिटर्नमध्ये, आपल्या नावावर जी बिलं दाखवली, ती त्यात उतरतात. १ जानेवारी २०२२ पासून नियम सरळ आहे: टू-बीत बिल नाही, तर त्यावरचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीत दिलेल्या जीएसटीची वजावट, नाही. मग बिल फाइलला असो, माल कारखान्यात कापून झालेला असो नाहीतर पैसे कधीच चुकते झालेले असोत.

त्या फाइलमध्ये पत्र्याच्या व्यापाऱ्याचं २ लाखांचं बिल होतं, वर १८ टक्क्यांनी ३६,००० जीएसटी. टू-बीत त्याचा पत्ता नव्हता. मी फोन लावला आणि व्यापाऱ्याला चांगलंच सुनावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, मी तिमाहीवाला आहे. तिमाही संपली की दिसेल तुम्हाला." ५ कोटींपर्यंत उलाढाल असणाऱ्याला तिमाही रिटर्नची मुभा असते. मधल्या दोन महिन्यांची बिलं तो १३ तारखेपर्यंत आयएफएफ नावाच्या पोर्टलवरच्या सोयीतून टाकू शकतो, पण ती त्याची मर्जी. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. शेजारच्या टेबलावरचा सीनियर खाली मान घालून हसत होता.

तेव्हापासून न सापडणारी बिलं मी आधी वेगळी करते. काही तिमाहीवाल्यांची असतात. काहींत आपण बिल नंबर ००४५ टाकलेला असतो आणि त्याने नुसता ४५. काहींत त्याने आपला जीएसटी नंबर चुकवलेला असतो किंवा बिल जीएसटी नंबर नसलेल्या ग्राहकांच्या रकान्यात ढकललेलं असतं. उरलेल्यांनी रिटर्नच भरलेलं नसतं. फोन फक्त शेवटच्या दोन प्रकारांना करायचा, आणि तोही पुढचं पेमेंट जायच्या आधी. पैसे गेले की समोरचा फोन उचलायचा थांबतो. सरत्या वर्षाचं राहिलेलं क्रेडिट पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच घेता येतं. त्यानंतर ते गेलंच. छोट्या धंद्यात ३६,००० म्हणजे एका कारागिराचा दीड-दोन महिन्यांचा पगार असतो. अशी चार बिलं वर्षभरात वाचवली तर ते कुठल्याही गुंतवणुकीच्या सल्ल्यापेक्षा मोठं प्लॅनिंग झालं, असं माझं मत आहे.

तारखांचं म्हणाल तर सात, अकरा आणि वीस. सातला टीडीएस, म्हणजे दुसऱ्याचे पैसे देताना कापलेला कर, अकराला जीएसटीआर-१, वीसला थ्री-बी, म्हणजे जीएसटी भरायचं रिटर्न. यातल्या सातने मला एकदा चांगलाच धडा दिला. ५ जूनला कापलेला २४,००० रुपयांचा टीडीएस ७ जुलैपर्यंत भरायचा होता. बँकेची साइट अडकली, मी म्हटलं उद्या सकाळी भरू, एक दिवसाने काय होतंय. व्याज महिन्याला दीड टक्का, ते कापल्याच्या तारखेपासून, आणि महिन्याचा तुकडाही पूर्ण महिना धरतात. म्हणजे जून एक, जुलै दोन. एका दिवसाच्या उशिराला तीन टक्के, ७२० रुपये. क्लायंट काही बोलले नाहीत, पण सरांनी ते ऑफिसच्या खात्यातून भरायला लावले आणि व्हाउचर माझ्याकडूनच लिहून घेतलं.

खरी तारांबळ पाहिली ती मार्च २०२४ मध्ये. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे वेळेत दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी नफ्यातून वजा मिळणार नाही, हा नियम त्या वर्षापासून लागू झाला होता. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. आमच्या फॅब्रिकेशनवाल्यांकडे एका पावडर कोटिंगवाल्याचे ४ लाख थकले होते. काम जानेवारीतलं, करार नाही. "रिटर्न भरायच्या आधी देऊन टाकू की," ते म्हणाले. पीएफमधल्या मालकाच्या हिश्शाला किंवा जीएसटीला ती सवलत चालते, इथे चालत नाही. ३१ मार्च ओलांडला असता तर ४ लाख नफ्यात मिळवले गेले असते. भागीदारी फर्मला सेससकट ३१.२ टक्क्यांनी १,२४,८०० रुपये कर. ज्या वर्षी पैसे देतील त्या वर्षी खर्च मिळाला असता हे खरं, पण तोवर रोकड अडकली असती. त्यांनी २८ तारखेला पैसे दिले. दुसऱ्या एका व्यापाऱ्याचीही तेवढीच घाई केली होती, पण तो निव्वळ ट्रेडर निघाला. उद्यम, म्हणजे लघुउद्योगांची सरकारी नोंदणी, असली तरी ट्रेडरला हा नियम लागत नाही. म्हणून सर्टिफिकेट नुसतं मागवू नका, त्यावर उत्पादन लिहिलंय, सेवा की व्यापार, ते वाचा.

भागीदारी फर्म हातात आली की आधी डीड, म्हणजे भागीदारीचा करारनामा, मागा. भागीदारांचा पगार आणि भांडवलावरचं १२ टक्क्यांपर्यंतचं व्याज डीडमध्ये लिहिलेलं असेल तरच खर्च म्हणून मिळतं. आम्हाला १९९० च्या दशकातलं एक डीड मिळालं होतं, त्यात पगाराचं अक्षर नव्हतं. दोघे भाऊ वर्षानुवर्षं पगार घेत होते. मागच्या तारखेने दुरुस्ती करता येत नाही, म्हणून ती झाली पुढच्यासाठी. १ एप्रिल २०२५ पासून या पगार-व्याजावर, वर्षाला २०,००० च्या वर गेलं की, १० टक्के टीडीएसही आला. रक्कम भांडवल खात्यात नुसती जमा केली तरी तो कापावाच लागतो.

बाकी रोखीचं सगळ्यांना माहीत असतं तरी चुकतंच: एका दिवशी एका माणसाला १०,००० च्या वर रोख दिले की तो खर्च गेला.

कलमांचे नंबर पाठ करण्यात मी जे रात्रीचे तास घालवले, त्याचं आता हसू येतं. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू, आणि पाठ केलेले नंबर बदलले. तारखा आणि कागद मात्र तेवढेच मागावे लागतात. आणि ते मार्चमध्ये मागून उपयोग नसतो. १५ सप्टेंबरच्या अ‍ॅडव्हान्स टॅक्सला वर्षाच्या कराच्या ४५ टक्के भरायचे म्हणून पूर्ण वर्षाच्या नफ्याचा अंदाज बांधावाच लागतो. तो बांधायला बसलं की अडकलेलं क्रेडिट, थकलेली बिलं, चुकलेलं डीड सगळं टेबलावर येतं, आणि हातात अजून सहा महिने असतात.

फॅब्रिकेशनवाल्यांचा परवा फोन आला. नवा पेंटिंगवाला लावलाय, म्हणाले. "मॅडम, त्याच्याकडून आधी पॅन मागू की उद्यम?"

म्हटलं, दोन्ही. काम सुरू व्हायच्या आधी.