दोन संगणकांमधील ब्लूटूथ जोडणीचा खरा वेग कसा मोजावा

ब्लूटूथ ॲडॅप्टरवर ‘३ मेगाबिट प्रतिसेकंद’ असे लिहिलेले असले तरी तो हवेतील संदेशवहनाचा वेग असतो, तुमच्या डेटाचा नव्हे. त्यामुळे मोजणीला बसण्यापूर्वी वरची मर्यादा कागदावर काढून ठेवावी. ब्लूटूथचा एक कालखंड ६२५ मायक्रोसेकंदांचा असतो. सर्वांत मोठे पॅकेट, म्हणजे एकदम पाठवला जाणारा डेटाचा गठ्ठा, असे पाच कालखंड व्यापते आणि त्यानंतरचा एक कालखंड समोरच्या संगणकाच्या उत्तरासाठी जातो, म्हणजे ३.७५ मिलिसेकंदांत फार तर १,०२१ बाइट पोहोचतात. हा वेग सुमारे २.१८ मेगाबिट, अर्थात २७२ किलोबाइट प्रतिसेकंद इतका होतो. मोजणीत याहून मोठा आकडा आला, तर आनंद मानण्याऐवजी डेटा दुसऱ्याच वाटेने जात आहे असे समजावे.

ही शंका आधीच मिटवण्यासाठी दोन्ही संगणकांवरील वायफाय बंद करावे आणि नेटवर्कची केबल काढून ठेवावी. पुढची माहिती लिनक्सला धरून आहे. दोन्ही यंत्रे पेअर करून ब्लूटूथवरून नेटवर्क जोडणी सुरू केली की नेटवर्क इंटरफेसच्या यादीत सहसा ‘बीनेप शून्य’ (bnep0) हे नाव दिसू लागते. चाचणीत समोरच्या यंत्राचे नाव न देता त्याच्या या इंटरफेसचा आयपी पत्ताच द्यावा. हेडफोन, माउस अशी इतर ब्लूटूथ साधने तोडावीत आणि ब्लूटूथ सेटिंग्जची खिडकीही बंद करावी, कारण ती उघडी असेपर्यंत ॲडॅप्टर आसपासची साधने शोधत राहू शकतो आणि तेवढा वेळ चालू जोडणीच्या वाट्यातून जातो. ही बाब हमखास विसरली जाते.

मोजणीसाठी आयपर्फ ३ (iperf3) हा प्रोग्राम उत्तम. एका संगणकावर तो सर्व्हर म्हणून चालू करावा, फायरवॉलमध्ये ५२०१ क्रमांकाचे पोर्ट मोकळे करावे आणि दुसऱ्या संगणकावरून साठ सेकंदांची चाचणी घ्यावी. टीसीपी ही डेटा पोहोचल्याची खात्री करत पाठवणारी पद्धत आपला वेग हळूहळू वाढवत असल्याने सुरुवातीचे काही सेकंद हिशेबातून वगळण्याचा पर्याय वापरावा. पडद्यावर दर सेकंदाला एक ओळ उमटते. तिच्यातला वेग मध्येच शून्यावर येऊन पुन्हा उसळत असेल, तर सरासरी कितीही चांगली दिसली तरी ती जोडणी स्थिर मानू नये. नंतर उलट दिशेची चाचणी घ्यावी, कारण दोन ॲडॅप्टर वेगळे असतील तर दोन्ही दिशांचे वेग सारखे येतीलच असे नाही. प्रत्येक दिशेला निदान पाच फेऱ्या घेऊन मधला आकडा ग्राह्य धरावा. यूडीपीची, म्हणजे पोहोचल्याची खात्री न करता डेटा पाठवणाऱ्या पद्धतीची, चाचणी घ्यायची असल्यास पाठवण्याचा वेग स्वतः ठरवून द्यावा; न दिल्यास प्रोग्राम सुमारे १ मेगाबिटवरच थांबतो आणि तीच जोडणीची मर्यादा आहे असा गैरसमज होतो. यूडीपीत नेहमी घेणाऱ्याच्या बाजूचा आकडा वाचावा, कारण पाठवणाऱ्याने पाठवलेले सगळेच पोहोचलेले नसते.

फाइल पाठवून वेळ मोजण्याची पद्धत चुकीची नाही, पण तिच्यात डिस्क, कॅश आणि फाइल पाठवणाऱ्या प्रोग्रामचा वेळही मिसळतो. ती वापरायचीच असेल तर किमान १० मेगाबाइटची फाइल घ्यावी. वरच्या हिशेबाने तिला निदान ३७ सेकंद लागायलाच हवेत.

पहिली मोजणी दोन्ही यंत्रे एक मीटरवर, मध्ये काही आड न ठेवता करावी आणि मग अंतर वाढवत जावे. ॲडॅप्टरच्या शेजारच्या पोर्टमध्ये यूएसबी ३ डिस्क असेल तर ती काढावी किंवा ॲडॅप्टर छोट्या एक्स्टेन्शन केबलने दूर न्यावा, कारण यूएसबी ३ च्या गोंगाटाचा २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्याला त्रास होतो. सिग्नल कमकुवत झाला की ॲडॅप्टर कमी वेगाच्या दोन प्रकारच्या पॅकेटांवर उतरू शकतो, ज्यांची मर्यादा अनुक्रमे १.४५ आणि ०.७२ मेगाबिट आहे. म्हणून निकाल यांपैकी एखाद्या मर्यादेच्या किंचित खाली अडकून राहत असेल, तर प्रोग्रामची सेटिंग्ज बदलत बसण्यापूर्वी यंत्रे जवळ आणून पुन्हा मोजावे.