अमेरिकेतल्या व्याह्यांचं घराणं समजून कसं घ्यायचं

आमच्या भावाच्या पोराचं लग्न शिकागोच्या मुलीशी ठरलं आणि घरात पहिल्याच दिवशी सुरू झालं, तिकडं काय कुटुंब असतंय का, अठरा वर्षांची झाली की पोरं बाहेर आणि म्हातारी माणसं आश्रमात. मी पोराची आत्या, पै-पाहुण्यांची वंशावळ लिहून ठेवायचं काम आमच्यात माझ्याकडंच असतं, म्हणून वही घेतली आणि विहीणबाईंना दर रविवारी रात्री साडेआठला व्हिडिओ कॉल लावायला लागले, तिकडं तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात. चार महिन्यांत जे शिकले ते लिहितेय, आता कोल्हापुरात शाहूपुरीपासून फुलेवाडीपर्यंत कुणाचं ना कुणाचं पोरगं तिकडं आहे, उपयोग होईल.

पहिलं काम म्हणजे डोक्यातलं चित्र काढून टाका. नवरा नोकरीला, बायको घरी, दोन पोरं, पुढं हिरवळ मागं गॅरेज, हे चित्र दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वीसेक वर्षांचं आहे. १९४४ च्या कायद्यानं युद्धावरून आलेल्या सैनिकांना घरासाठी स्वस्तात कर्ज मिळालं, १९४७ पासून न्यूयॉर्कजवळ लेव्हिटाउनसारख्या एकसारख्या घरांच्या वसाहती उठल्या, आणि त्या काळात निम्म्या मुलींची लग्नं वीस-एकविसाव्या वर्षापर्यंत उरकलेली असायची. त्याच लेव्हिटाउनमध्ये काळ्या माणसांना घर विकत नव्हते हेही वहीत लिहा. म्हणजे जे चित्र आपण साऱ्या अमेरिकेचं धरून चाललोय ते तिथल्या सगळ्यांच्या वाट्याला कधी आलंच नव्हतं.

मग विचारायचं काय? तुमचं कुटुंब कसं होतं, असं विचारू नका, उत्तर ‘छान होतं’ एवढंच येतं. मी विचारलं, तुमच्या आईच्या लहानपणी एका चुलीवर किती माणसं जेवायची? आणि बाई थांबल्या, बोटं मोजायला लागल्या.

त्यातून आम्ही पोचलो जनगणनेच्या कागदापर्यंत, आणि ही सगळ्यात कामाची गोष्ट आहे. अमेरिकेत १७९० पासून दर दहा वर्षांनी जनगणना होते, १८५० पासून घरातल्या गुलाम नसलेल्या सगळ्या माणसांची नावं आहेत, १८८० पासून कुटुंबप्रमुखाशी नातं काय तेही लिहिलंय. कागद ७२ वर्षं बंद ठेवतात, त्यामुळं १९५० चे कागद १ एप्रिल २०२२ ला खुले झाले. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या साइटवर राज्य, गाव आणि नाव टाकून फुकट शोधता येतात, स्पेलिंग दोन-तीन प्रकारे टाकून बघा कारण लिहिणाऱ्यानं कानाला आलं तसं लिहिलेलं असतंय. १८९० चे सापडले नाहीत तर वेळ घालवू नका, १९२१ च्या आगीत त्यातले बहुतेक खराब झाले आणि पुढं नष्ट केले गेले.

विहीणबाईंनी स्क्रीनवर आपल्या आईच्या घराचा १९५० चा कागद उघडला. शाईच्या पेनानं लिहिलेल्या ओळी, एकाखाली एक. प्रमुख, बायको, मुलगा, मुलगी, मुलगी, मग सासू, मग भाची, आणि शेवटी ‘लॉजर’ म्हणजे भाड्यानं राहणारा माणूस, वय ५१. आठ जणं एका फ्लॅटमध्ये! आमचे दादा मागून वाकून बघत होते, ते म्हणाले अगं हे तर आपल्या मंगळवार पेठेतल्या जुन्या घरासारखंच झालं की. विहीणबाईंच्या माहेरचे हे लोक मिसिसिपीतून शिकागोला आलेले. १९१० च्या दशकापासून १९७० पर्यंत दक्षिणेतली साठेक लाख काळी माणसं अशीच उत्तरेकडं आणि पश्चिमेकडं गेली आणि आधी गेलेल्या नातेवाइकाच्या घरी उतरली, त्यामुळं घरं भरलेली असायची. मुलीच्या वडलांकडचे पोलंडचे, त्यांच्या पणजीनं खाणावळीसारखी माणसं घरात ठेवून भाडं भागवलेलं. तेव्हा कागदात भाडेकरू दिसला तर वगळू नका.

आता नाजूक भाग. काळ्या घराण्याचा शोध १८७० च्या मागं गेला की एकदम भिंत लागते, कारण १८५० आणि १८६० ला गुलामांची यादी वेगळी होती, त्यात मालकाचं नाव आणि खाली नुसतं वय, लिंग, रंग, माणसाला नावच नाही. गुलामांच्या लग्नाला कायद्यात जागा नव्हती, आणि व्हर्जिनियात १६६२ लाच नियम केलेला की आई गुलाम तर लेकरू गुलाम, बाप कोणीही असो. नवरा एकीकडं विकला, बायको दुसरीकडं. १८६५ ला गुलामगिरी संपल्यावर हजारो जोडप्यांनी आधीच झालेली लग्नं सरकारदरबारी नोंदवून घेतली आणि पुढं कित्येक वर्षं लोक पेपरात जाहिराती देत राहिले, माझी आई अमुक मालकाकडून तमुक गावी विकली गेली, कुणाला माहीत असेल तर कळवा. त्यामुळं तुमचे मूळ पुरुष कोण हा प्रश्न आपल्याला साधा वाटतो पण आधी विचारू नका, समोरचं माणूस बोललं तरच पुढं जा. मी चुकले होते, पहिल्याच कॉलला विचारलं, आणि मग माफी मागितली.

पुढचं काम, प्रत्येक लग्नाच्या सालाशेजारी तेव्हाचा कायदा लिहा, त्यानं फार गोष्टी उलगडतात. आपल्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ ला आंतरजातीय लग्नाला कायद्यानं मान्यता दिली, आणि तिकडं गोऱ्या-काळ्यांच्या लग्नावरची बंदी सुप्रीम कोर्टानं १९६७ ला उठवली तेव्हा १६ राज्यांत ती चालू होती. हे सांगितल्यावर विहीणबाईंनी महाराजांचं नाव लिहून घेतलं. तसंच १८८२ च्या कायद्यानं चिनी मजुरांना देशात यायला बंदी झाली, बायका आणायला तर त्याआधीपासूनच अडचण होती, म्हणून चिन्यांच्या वस्त्यांत पिढ्यान्‌पिढ्या नुसते पुरुषच दिसतात, आणि १९०६ च्या सान फ्रान्सिस्कोच्या भूकंपानंतरच्या आगीत जन्माच्या नोंदी जळाल्यावर तिथल्या चिन्यांना आपला जन्म इथलाच असं सांगता आलं, मग त्यांचा कागदोपत्री मुलगा बनून कित्येक जण आले, ते आडनाव आजही त्यांच्या नातवंडांकडं आहे. कॅलिफोर्नियात पंजाबी शेतकऱ्यांनी मेक्सिकन बायकांशी लग्नं केली, पोरांची नावं स्पॅनिश आणि आडनाव सिंग. असं नाव दिसलं तर चूक समजून खोडू नका.

तिथल्या मूळच्या म्हणजे आदिवासी लोकांचं घर असेल तर वंशावळ आईकडून काढायची तयारी ठेवा. त्यातल्या हौदेनोसौनी लोकांच्या लांबलचक घरात लग्नानंतर पुरुष बायकोच्या आईकडं राहायला जायचा, म्हणजे सगळेच घरजावई म्हणा की, आणि सरदार निवडायचा हक्क कुळातल्या मोठ्या बाईचा. नावाहो माणूस आजही ओळख सांगताना आधी आईचं कुळ सांगतो. या लोकांची पोरं १८७९ पासून पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइलसारख्या वसतिशाळांत नेऊन त्यांची भाषा तोडली, त्यामुळं कुणाच्या घरी आजी काहीच सांगत नसेल तर तिच्या गप्प बसण्याला कारण आहे.

दत्तकाबद्दल आपल्याकडं कुणी नाक मुरडू नये, शाहू महाराज स्वतः कागलच्या घाटग्यांकडून १८८४ ला दत्तक आले. तिकडं १८५४ ते १९२९ पर्यंत न्यूयॉर्कसारख्या शहरांतली अनाथ, गरीब पोरं रेल्वेनं खेड्यापाड्यांत नेऊन शेतकऱ्यांच्या घरी दिली, काहींना माया मिळाली, काहींना नुसतं काम. वहीत अशा मुलासाठी तुटक रेघ काढू नका, सरळ रेघ काढा. स्टेपमदरला सावत्र आई लिहू नका, आपल्या भाषेत त्या शब्दाला काटा आहे, वडलांची दुसरी बायको लिहा किंवा ते लोक ज्या नावानं हाक मारतात तेच नाव लिहा.

आणि म्हाताऱ्यांचं. १९३५ ला सोशल सिक्युरिटीचा कायदा झाला, पुढं पेन्शन हातात यायला लागली तसं पुष्कळ म्हाताऱ्या माणसांना स्वतःच्या घरात राहणं परवडायला लागलं आणि त्यांना तेच हवं होतं. २०२० ला २७.६ टक्के घरांत एकच माणूस होतं. पण २०२१ ला १८ टक्के लोक अशा एकत्र घरात होते जिथं मोठ्या वयाच्या दोन-तीन पिढ्या किंवा आजी-आजोबा आणि नातवंडं राहतात, आणि १९७१ ला ते ७ टक्केच होते, म्हणजे एकत्र राहणं तिकडं वाढलंय. तेव्हा आईला एकटं कसं ठेवलंय, असं विहिणीला विचारू नका, आई काय जेवते, कोण येतं-जातं ते विचारा. आमच्या विहीणबाईंची आई ८३ वर्षांची, स्वतःच्या घरात राहते आणि लेक रोज संध्याकाळी डबा घेऊन जाते.

शेवटी सगळं एका मोठ्या ड्रॉइंग पेपरवर काढा, आपलं डावीकडं, त्यांचं उजवीकडं, आणि फॅमिली ग्रुपवर टाकायच्या आधी फोटो पाठवून त्यांची परवानगी घ्या. आम्ही पाठवला तर आज्जींचा निरोप आला, लॉजरचा चौकोन राहिला, तो मला रोज सकाळी शाळेपर्यंत सोडायचा. मग कागदाच्या कडेला जागा करून तो घातला.